सामायिक लहरी आणि हौशी रेडिओचा हक्क

छंद म्हणून स्वतःच्या बिनतारी संचावरून बोलणाऱ्या हौशी रेडिओचालकांना, म्हणजे जगभर ज्यांना हॅम म्हणतात त्यांना, सामायिक तरंगपट्ट्यांत, म्हणजे अनेक सेवांनी वाटून वापरायच्या लहरींत, यापुढे जागा असावी की नसावी, या प्रश्नावर सांगलीत नुकतीच एक चर्चा ऐकली. एका बाजूचे म्हणणे असे, की लहरी हे मर्यादित राष्ट्रीय धन आहे, त्यातला प्रत्येक मेगाहर्ट्झ (लहरींचा पट्टा मोजण्याचे एकक) लिलावात पैसा देतो, आणि मूठभर लोकांच्या छंदापायी तो अडवून ठेवणे हे जनतेचे नुकसान आहे. दुसऱ्या बाजूने महापुराचे उत्तर दिले: मोबाइल बंद पडतात तेव्हा हॅमच कामी येतात, म्हणून त्यांच्या जागेला हात लावू नका. दोन्ही बाजू तळमळीने बोलत होत्या आणि दोघींचीही मांडणी मला लंगडी वाटली. सामायिक पट्टा म्हणजे नेमके काय, हे पहिल्या बाजूने समजून घेतलेले नव्हते. दुसरी बाजू स्वतःचा खरा दावा सोडून उसन्या दाव्यावर उभी होती. मी परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे, त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. माझे म्हणणे असे, की सामायिक पट्ट्यांतली हौशी सेवेची जागा कायम राहिलीच पाहिजे; मात्र ती संकटकाळच्या मदतीचा मोबदला म्हणून मागायची नाही. सामान्य नागरिकाने स्वतःच्या हाताने प्रक्षेपक (ट्रान्समीटर) बांधावा, अँटेना उभारावी आणि त्यावरून बोलावे, याची मुभा आपल्या कायद्यात जवळपास याच एका सेवेला आहे. लहरी जनतेच्या आहेत असे आपण म्हणत असू, तर त्या वाक्याचा काहीएक अर्थ या मुभेत शिल्लक आहे, आणि म्हणून ती मागायची.

आधी महापुराविषयी, कारण तिथे आमच्याच बाजूने अतिशयोक्ती होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या भागातली वीज गेली, मग घरोघरचे मोबाइल उतरले, आणि पुढे मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्यावर ज्यांचे फोन चालू होते त्यांनाही रेंज मिळेना. माझा बिनतारी संच गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालत होता. त्यावरून मी निरोप पोहोचवले हे खरे आहे: आई वरच्या मजल्यावर सुखरूप आहे, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, अशा प्रकारचे. ज्यांना ते मिळाले त्यांच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे होते. पण माणसे पाण्यातून बाहेर काढली ती बोटींनी, जवानांनी आणि गावोगावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. तिथे अपुरी पडली ती बोट, बिनतारी संच नव्हे. पोलिसांची स्वतःची बिनतारी यंत्रणा आहे, आपत्ती निवारण दलांकडे उपग्रह फोन असतात. आम्ही उपयोगी पडलो, पण आम्ही नसतो तर सांगली बुडाली असती असे जो म्हणतो, तो आमचाच खटला कच्चा करतो. उद्या प्रत्येक तहसील कार्यालयात उपग्रह फोन आला, की आमच्या जागेचे कारण संपले, असाच त्या युक्तिवादाचा शेवट होतो.

मग संकटकाळचा उपयोग खोटा आहे काय? तसे नाही, त्याचा क्रम उलटा आहे एवढेच. डिसेंबर २००४ मध्ये काही भारतीय हौशी रेडिओचालक अंदमानात गेले होते ते कुणाला वाचवायला नव्हे. पोर्ट ब्लेअरहून अनेक वर्षांत हौशी प्रक्षेपण झालेले नव्हते, त्यामुळे जगभरचे हॅम त्या ठिकाणाशी संपर्क साधायला उत्सुक होते, आणि ती हौस भागवायला हे लोक संच घेऊन बेटावर पोहोचले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. दळणवळण कोलमडले, आणि ज्या संचांवरून आदल्या दिवशीपर्यंत देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलणे चालले होते त्याच संचांवरून नातेवाइकांचे आणि प्रशासनाचे निरोप जाऊ लागले. हौस आधी होती म्हणून सेवा घडली. कोणत्या वेळी कोणती लहर कुठवर पोहोचेल, तुटकी तार कशी जोडावी, गोंगाटातून क्षीण आवाज कसा उचलावा, हे कौशल्य पुराच्या दिवशी पुस्तक उघडून येत नाही. वर्षानुवर्षे रात्री जागून, बहुतांश वेळ निरुपयोगी वाटणाऱ्या गप्पा मारूनच ते येते. हौस काढून घ्या आणि सेवा तेवढी ठेवा, असा व्यवहार होऊ शकत नाही.

आता सामायिक पट्टा म्हणजे काय ते पाहू, कारण सारा वाद इथे अडतो. आंतरराष्ट्रीय नियमांत एकाच पट्ट्यात अनेक सेवांना जागा दिलेली असते आणि त्यांचे दर्जे ठरवलेले असतात. काही सेवा प्राथमिक असतात, काही दुय्यम. दुय्यम सेवेने प्राथमिक सेवेला व्यत्यय आणायचा नाही, आणि प्राथमिक सेवेकडून स्वतःला व्यत्यय आला तर तक्रारही करायची नाही. आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी सेवेच्या हक्काचा आहे. पण ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झमध्ये, १२६० ते १३०० मध्ये आणि त्यावरच्या काही पट्ट्यांत आमचा दर्जा दुय्यम आहे. म्हणजे मालक दुसराच आहे, आणि तो नसेल तेव्हा, तो नसेल तिथे, त्याला धक्का न लावता आम्ही बोलायचे.

ही व्यवस्था आपल्याकडच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. आटपाडी, जत, माण, खटाव या तालुक्यांतले धनगर आपापली मेंढरे घेऊन दरवर्षी नदीकाठच्या मुलखात उतरतात. पीक निघालेल्या वावरात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह मुक्काम, बसतो. जमीन शेतकऱ्याची, सातबारा त्याच्या नावावर. पेरणीची वेळ आली की वाडा हलतो, आणि त्याबद्दल भांडण होत नाही. शेतकऱ्याचे यात काय जाते? काही जात नाही. उलट मेंढरे बसवली म्हणजे रानाला लेंडीखत मिळते, आणि त्यासाठी शेतकरीच धनगराला धान्य किंवा पैसे देत आला आहे. रिकामे रान मोकळे ठेवण्यापेक्षा त्यात मेंढरे बसवणे दोघांच्याही हिताचे, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी अर्थशास्त्र शिकवण्याआधीपासून ठाऊक आहे. दुय्यम दर्जाने बोलणारा हॅम हा या वाड्यासारखा आहे. त्याला हाकलून ते वावर वर्षभर मोकळे ठेवल्याने मालकाच्या पदरात काय पडणार?

यावर प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उत्तर असे, की वावर आता मोकळे राहणारच नाही. मोबाइलची भूक वाढते आहे, नवी तंत्रे नवे पट्टे मागत आहेत, आणि जिथे बारमाही ऊस उभा राहतो तिथे मेंढरांना जागा कुठून आणायची? हा मुद्दा मी हलका मानत नाही. ३३०० ते ३४०० मेगाहर्ट्झमध्ये आपल्या नियमांनी हौशी सेवेला दुय्यम जागा दिली होती; २०२२ च्या ५जी लिलावात ३३०० ते ३६७० हा सलग पट्टा विक्रीला निघाला. त्या भागात आपल्याकडे हौशी काम फारसे होत नव्हते, आणि शहरोशहरी ५जीचे मनोरे उभे राहिल्यावर तिथे आम्ही हटून बसावे असे मीही म्हणणार नाही. प्राथमिक सेवा खरोखर आली तर दुय्यमाने उठायचे, हा कराराचाच भाग आहे.

पण मालक खरोखर आला आहे का, हे दर वेळी तपासावे लागते. येईल असे नुसते म्हणून वाडा उठवता येत नाही. त्याच २०२२ च्या लिलावात सर्व दूरसंचार परिमंडळे (परवान्यांसाठी केलेले देशाचे विभाग) मिळून ७२,०९८ मेगाहर्ट्झ विक्रीला होते, त्यांतले ५१,२३६ विकले गेले आणि सरकारच्या खात्यात सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. जून २०२४ च्या लिलावात सुमारे साडेदहा हजार मेगाहर्ट्झ मांडले होते. गिऱ्हाईक मिळाले ते जेमतेम १४१ मेगाहर्ट्झना. ज्या बाजारात मांडलेला माल एवढ्या प्रमाणात तसाच परत जातो, तिथे हौशी मंडळींच्या चार मेगाहर्ट्झच्या दुय्यम जागेमुळे देशाचे उत्पन्न बुडते, हा हिशेब कोणत्या वहीतला आहे? शिवाय ४३४ ते ४३८ मध्ये प्राथमिक हक्क इतर सेवांचे आहेतच. आम्ही उठलो म्हणून तो पट्टा आपोआप लिलावाला मोकळा होत नाही.

लिलावाच्या बाजूने १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार नेहमी घेतला जातो. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या त्या खटल्यात न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. ते वाक्य मला मान्य आहे, किंबहुना माझा सारा युक्तिवाद त्यावरच आहे. पण सार्वजनिक मालमत्ता म्हणजे विकायची मालमत्ता, हा अर्थ त्यात कुठून आला? २०१२ च्या फेब्रुवारीत २जी प्रकरणात दूरसंचार कंपन्यांचे १२२ परवाने रद्द झाले आणि लिलाव हाच एक शुद्ध मार्ग अशी समजूत देशभर पसरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देताना न्यायालयाने स्पष्ट केले, की नैसर्गिक संसाधनांच्या वाटपाचा लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही. नदीचा घाट ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो भाड्याने दिला तर पालिकेला चार पैसे मिळतील, आणि तरीही कृष्णेचा घाट आपण भाड्याने देत नाही.

दुसरा आक्षेप व्यत्ययाचा, आणि इथे आमच्या बाजूच्या चुकाही आहेत. १२६० ते १३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शक उपग्रहांचा एक संदेश १२७८.७५ मेगाहर्ट्झला येतो. तिकडे काही हौशी केंद्रांमुळे त्याच्या ग्रहणात अडथळा आल्याची उदाहरणे पुढे आली, आणि हौशी सेवेला या पट्ट्यातून काढावे अशी मागणी होईल अशी धास्ती जगभर पसरली. मग काय झाले? वर्षानुवर्षे मोजमापे झाली, कोणत्या भागात किती शक्तीने प्रक्षेपण केल्यास उपग्रहाचा संदेश ग्रहण करणाऱ्या यंत्राला त्रास होत नाही याचे आकडे काढले गेले, आणि २०२३ च्या अखेरीस दुबईत झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत त्या मर्यादांच्या शिफारशीचा आधार घेऊन हौशी सेवेची जागा राखली गेली. काही हॅमना शक्ती कमी करावी लागते, काही रिपीटर (संदेश उचलून पुढे पाठवणारी यंत्रे) हलवावे लागतात. ते त्यांनी केलेच पाहिजे. चूक करणाऱ्याला मर्यादा घालणे आणि सगळ्यांना हद्दपार करणे यांत जो फरक आहे, तो या उदाहरणात स्पष्ट दिसतो.

संख्येचा मुद्दा मी लगेच मान्य करतो. आम्ही थोडे आहोत, आणि आमच्यातले बरेच जण साठीच्या पुढचे आहेत. पण ज्या सेवेच्या परीक्षेची माहिती शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचतच नाही, तिच्यात माणसे थोडी आहेत हे तिच्याविरुद्धचे कारण म्हणून कसे वापरायचे?

इतिहासाकडे वळले, की आजच्या हिशेबातली मूळ चूक दिसते. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेत हौशी मंडळींना २०० मीटरपेक्षा लहान लहरींकडे ढकलले. त्या काळच्या जाणकारांच्या मते लांब पल्ल्याला मोठ्या लहरीच हव्यात, लहान लहरी कुचकामी. म्हणून तो माळ या पोरांना दिला. त्यांनी त्या माळावर अकरा वर्षे खटपट केली, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशी केंद्रांनी अटलांटिक महासागरापलीकडे दुतर्फा संभाषण केले, तेही मोठ्या कंपन्यांच्या अजस्र केंद्रांच्या तुलनेत किरकोळ शक्तीवर. लहान लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परततात आणि दूरवर जातात, हे जगाला व्यवहारात कळले. मग त्या माळाला भाव आला, सरकारे आणि कंपन्या तिकडे धावल्या, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशी मंडळींना तिथल्याच काही अरुंद पट्ट्यांवर समाधान मानावे लागले. कुणालाही नको असलेली जमीन ज्यांनी लागवडीखाली आणली त्यांना बांधावर बसवले गेले. आजच्या हॅमची मागणी त्या बांधाहून अधिक नाही.

हे सारे परदेशातले आणि जुने वाटत असेल, तर आपल्याकडचे पाहा. ५ मे २००५ रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. तो हौशी रेडिओसाठीच होता. त्यावर दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला संदेश दुसऱ्या लहरीवर परत पाठवणारी यंत्रे, होते, एक भारतीय आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका हौशी रेडिओचालक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने बनवलेला. त्याच्याकडे संदेश पाठवायचा तो ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि परत ऐकायचा तो १४५ च्या आसपास. म्हणजे जाणारी वाट आमच्या दुय्यम दर्जाच्या, सामायिक पट्ट्यातून जात होती. ती सामायिक जागा नसती तर हा उपग्रह आकाशात असूनही आपल्याला मुका राहिला असता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका गच्चीवर मी बांबूच्या काठीवर अॅल्युमिनियमच्या नळ्या बांधून त्याच्यासाठी अँटेना केली होती. अकरावीतली तीन मुले सोबत होती. उपग्रह क्षितिजावर वर येताना त्याचा सूर चढा असतो, डोक्यावरून पुढे जाताना तो उतरत जातो, आणि तो उतरता सूर कानांनी ऐकत ग्रहण करणाऱ्या संचाची चकती फिरवत राहावी लागते. डॉप्लरचा परिणाम त्या मुलांनी पुस्तकात वाचलेला होता. त्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत तो त्यांच्या बोटांना कळला. त्यांतल्या एकाने घरी जाऊन वहीत उपग्रहाच्या वेगाचे गणित मांडून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून तपासून घेतले. मी अनेक वर्षे शिकवले आहे. असे शिकणे फार थोड्या वेळा पाहिले.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला स्वयम् हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह जून २०१६ मध्ये अवकाशात गेला, तोही हौशी सेवेच्या पट्ट्यातच बोलण्यासाठी. विद्यार्थ्यांच्या छोट्या उपग्रहांना जगभर हाच आसरा आहे, कारण व्यापारी पट्ट्याची किंमत महाविद्यालय देऊ शकत नाही. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या मुलांनी उद्या असा उपग्रह बनवायचा ठरवला, तर त्याने कोणत्या लहरीवर बोलायचे? हा पट्टा गेल्यावर या प्रश्नाला उत्तर नाही. दूरसंचाराची उपकरणे देशात बनावीत असे आपण रोज ऐकतो. ती बनवणाऱ्याने पहिला प्रक्षेपक कुठे जाळून पाहायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. मोबाइल वापरणारा लहरी वापरतो, पण त्यांच्याविषयी काही शिकत नाही, कारण त्याच्या हातातली पेटी बंद आहे आणि कायद्यानेही ती बंदच राहायला हवी.

सुरक्षेचा आक्षेप कुजबुजीच्या स्वरात घेतला जातो, म्हणून तो मोकळेपणाने बोलला पाहिजे. हॅमला परीक्षा द्यावी लागते, त्याची चौकशी होते, प्रत्येक संभाषणात त्याने आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली ओळख, सांगायची असते, सांकेतिक भाषेत बोलायला आणि पैसे कमावण्यासाठी संच वापरायला त्याला बंदी आहे. जो चोरून बोलू पाहतो तो इतकी ओळख देऊन बोलत नाही. परवान्याशिवाय विकले जाणारे स्वस्त वॉकी-टॉकी हा खरा उपद्रव आहे, आणि त्याविरुद्ध कारवाई व्हावी असे सर्वांत आधी हॅमच म्हणतील, कारण त्या गोंगाटाचा पहिला त्रास त्यांनाच होतो. आणि राज्यकर्त्यांची भीती नवी नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने इथल्या हौशी रेडिओचालकांचे परवाने स्थगित केले. कौशल्य मात्र जप्त करता आले नाही. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला, तेव्हा त्याचे यंत्र उभे करण्यात नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी रेडिओचालकाचे ज्ञान उपयोगी पडले. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग येत होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार आकाराला येत होते आणि तारांचे खांब पाडले जात होते. परक्या सरकारला नागरिकाच्या हातातले यंत्र धोक्याचे वाटले, हे समजू शकते. आपल्या सरकारला ते का वाटावे?

आता मागणी काय, ते नेमके सांगितले पाहिजे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा नियम ठरवला आणि पहिल्या अनुसूचीत अपवाद दिले. त्या अनुसूचीत हौशी केंद्रांचा उल्लेख आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या समर्पित पट्ट्यांपुरता आहे. समर्पित म्हणजे काय? १४४ ते १४६ त्यात निःशंक बसते. ४३४ ते ४३८ बसते का? १२६० ते १३०० बसते का? जिथे आम्ही दुसऱ्याच्या वावरात बसतो, तो पट्टा समर्पित नाही, सामायिक आहे, असे म्हणून एखादा अधिकारी उद्या फाइल बंद करू शकतो, आणि शब्दाला धरून पाहिले तर त्याला चूक ठरवणे सोपे जाणार नाही. म्हणून कायद्याखालच्या नियमांत हे सामायिक पट्टे आकड्यांनिशी लिहिले जावेत, तिथला दुय्यम दर्जा कायम असल्याचे त्यात नमूद व्हावे, आणि एखादा पट्टा काढून घ्यायचा झाल्यास व्यत्ययाची मोजमापे आधी प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जाव्यात. मालक पेरणीला आला की आम्ही वाडा हलवू. पण बियाणे बांधावर आलेले दिसल्याखेरीज रान सोडायला सांगू नये, एवढी एक ओळ त्या नियमांत असली पाहिजे.